नाताळचा फराळ आणि घरची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, बांदा या पट्ट्यातून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. नेवऱ्या मऊ का पडल्या, दोदोल सुटत का नाही, माडी मिळाली नाही तर सान्नांचे (माडीत आंबवून वाफवलेल्या, इडलीसारख्या पदार्थाचे) काय करायचे. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. मापे चार-पाच माणसांच्या घराला, चुलीवर किंवा गॅसवर झेपतील अशी आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाताळच्या फराळात नेमके काय काय असते? सगळेच पदार्थ करायला हवेत का?

आपल्याकडच्या ताटात साधारण सहा पदार्थ असतात: नेवऱ्या (करंज्यांचीच जात), कलकल (तळून पाकात घोळलेल्या मैद्याच्या गुंडाळ्या, काही घरांत यांना किडयो म्हणतात), तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाचा दोदोल, चणाडाळीचा दोस, रवा-खोबऱ्याचा बाथ आणि पेरूची पेराद. या ताटाला गोव्याकडे कोन्सुवाद म्हणतात, मंगळुराकडे कुसवार. कोन्सुवाद हा पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’वरून आलेला शब्द आहे आणि ‘नाताळ’ही त्याच भाषेतला.

सगळे करायची अजिबात गरज नाही. घरात हात कमी असतील तर तळणीचा एक, आटवायचा एक आणि भाजायचा एक असे तीन निवडा: नेवऱ्या, दोदोल, बाथ. पहिल्यांदाच करत असाल तर पेरादीपासून सुरुवात करा. ऐन नाताळात पेरू स्वस्त असतात, आणि पेराद फसली तरी जॅम म्हणून खपून जाते.

२. तयारी कधीपासून धरायची? आमच्याकडे २४ तारखेला सगळा गोंधळ होतो.

जो पदार्थ जास्त टिकतो तो आधी करायचा, हाच हिशोब. पेराद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका. १३ तारखेच्या आसपास गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरा (प्रश्न १७). सुक्या सारणाच्या नेवऱ्या १७-१८ला, कलकल १९-२०ला. दोदोलाला पूर्ण दुपार लागते, तो २१ला धरा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या पडतात. दोस २२ला. बाथ आणि सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे कालवण) २३ला. २४ला सकाळी फक्त सान्नांचे तांदूळ भिजत घालायचे आणि ताटे लावायची.

गोंधळ होतो तो बहुधा नारळांमुळे. खवणे आणि रस काढणे या कामाला पदार्थ शिजवण्याइतकाच वेळ जातो, आणि तो कोणी मोजत नाही. दोदोलाचे चार नारळ खवून, वाटून, पिळायला एका माणसाला सव्वा तास धरा.

३. पंधरा घरांना ताटे द्यायची आहेत. किती करावे?

एका ताटात ४ नेवऱ्या, ओंजळभर कलकल (सुमारे ७५ ग्रॅम), दोदोल, दोस आणि पेरादीच्या दोन-दोन वड्या आणि बाथाचा एक तुकडा असे धरले, तर पंधरा घरे आणि आपले घर मिळून ८० नेवऱ्या आणि दीड किलो कलकल लागतात. म्हणजे नेवऱ्यांना १ किलो मैदा, कलकलांना १ किलो मैदा. दोदोल, दोस आणि पेराद खाली दिलेल्या मापाने एकेकदाच केली तरी पुरतात, वड्या मात्र दीड इंचाच्या कापा. बाथाचे माप दुप्पट करू नका, दोनदा भाजा. मोठ्या टोपात मध्य कच्चा राहतो.

४. नारळ कोणते घ्यायचे? एका नारळातून रस किती निघतो?

रसासाठी पूर्ण जून नारळ, हलवल्यावर पाणी खळखळणारा. कोवळ्यात तेल कमी असते, त्याचा दोदोल कडेने सुटतच नाही. मध्यम नारळाचे खोबरे अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटून पिळले की पहिला दाट रस १५० ते १७५ मिलिलिटर मिळतो. त्याच चोथ्यात पुन्हा एक वाटी पाणी घालून वाटले की दुसरा पातळ रस.

खवताना करवंटीलगतचे काळे साल येऊ देऊ नका. दोसाचा आणि बाथाचा रंग त्याने मळकट होतो. दोदोल काळाच असतो, त्याला चालते. नारळ आदल्या दिवशी फोडून ठेवू नका. रात्रीत खोबऱ्याला चिकट वास धरतो आणि तो वेलचीनेही झाकत नाही.

५. नेवऱ्या आणि दिवाळीच्या करंज्या यांत फरक काय? माप सांगा.

जात एकच. करणारे हात बदलले की सारण बदलते. ओल्या खोबऱ्याचे आणि गुळाचे सारण चवीला सरस, पण तीन-चार दिवसांवर टिकत नाही. ताटे वाटायची असतील तर सुके सारण घ्या.

३५ ते ४० नेवऱ्यांसाठी: मैदा ५०० ग्रॅम, तूप ७५ ग्रॅम कडकडीत तापवून मोहन, चिमूटभर मीठ, दूध-पाणी मिळून सुमारे २०० मिलिलिटर. पीठ घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. सारणाला सुके खोबरे किसून २०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम हे तिन्ही वेगवेगळे भाजा, कारण तिघांना वेळ वेगळा लागतो आणि खोबरे सर्वांत आधी करपते. पूर्ण गार झाल्यावरच पिठीसाखर २०० ग्रॅम आणि ८-१० वेलच्यांची पूड मिसळा. गरम सारणात साखर गेली की ती पाझरते.

६. नेवऱ्या तेलात फुटतात. ज्या फुटत नाहीत त्या दोन दिवसांत मऊ पडतात. काय चुकते?

फुटण्याची कारणे तीन. सारण जास्त भरले, आत हवा राहिली किंवा कडेला सारणाचे कण अडकले. पुरीला दीड चमचा सारण पुरे. मिटण्याआधी कड बोटाने पुसा, दुधाचे बोट फिरवा, मग पोटाकडून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. मुरड घालता येत नसेल तर कातण्याने कापा, पण आधी कड बोटांनी चेपून घ्या. भरलेल्या नेवऱ्या तळेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवायच्या. कड वाळली की ती तेलात उकलते.

मऊ पडतात त्या घाईने. तेल फार तापले की वरून रंग येतो आणि आतला थर कच्चा राहतो. पिठाचा कण तेलात टाकल्यावर चार-पाच सेकंदांनी वर यावा. लगेच उसळला तर आच कमी करा. एक घाणा सहा-सात मिनिटे तळला पाहिजे. मोहन कमी पडले असेल तरी मऊच होतात: मैद्यात तूप चोळल्यावर मुठीत मुटका वळला पाहिजे. आणि कोमट नेवऱ्या डब्यात भरणे ही सर्वांत सर्रास घडणारी चूक. त्याबद्दल प्रश्न २० पाहा.

७. कलकलांना वळण कसे द्यायचे? आमच्याकडे साचा नाही.

साचा लागत नाही. काटा-चमच्यातल्या काट्याची पाठ किंवा खास यासाठी ठेवलेला नवा कोरा कंगवा घ्या. वाटाण्याएवढी गोळी काट्याच्या दातांवर अंगठ्याने चपटी दाबायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी रेघारेघांची गुंडाळी होते. सांधा नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते.

मैदा ५०० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, एक अंडे, मीठ आणि मळायला नारळाचा दाट रस, साधारण एक वाटी. अंडे नको असेल तर रस थोडा वाढवा. पीठ हाताला चिकटता कामा नये. मध्यम आचेवर फिकट बदामी तळा. पाकाला २०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर पाणी. दोनतारी पाक झाला की आच बंद, कलकल आत टाकायचे आणि पाक पांढरा होऊन दाण्याला चिकटेपर्यंत ढवळत राहायचे. पाक एकतारी राहिला तर कलकल ओले आणि चिकट राहतात. ते परत मंद आचेवर ठेवून ढवळले की सुधारतात.

हे काम एकट्याचे नव्हे. चार माणसे ताटाभोवती बसली की तासाभरात उरकते, आणि लहान मुलांची बोटे या कामाला मोठ्यांपेक्षा बरी.

८. दोदोल चुलीवर कसा करायचा? माप, आच आणि वेळ नीट सांगा.

तांदळाचे पीठ २५० ग्रॅम (वालयसारख्या लाल तांदळाचे असेल तर फार चांगले), काळपट गूळ ७५० ग्रॅम, नारळ ४, काजू १०० ग्रॅम, वेलची, चिमूटभर मीठ. माडाचा गूळ मिळाला तर तोच घ्या. उसाच्या गुळाने दोदोल होतो, पण तो धुरकट खमंगपणा येत नाही.

गूळ दीड वाटी पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा. तळाला रेती आणि उसाचे तूस राहते, ते पाहिल्याशिवाय पटत नाही. गुळाचे पाणी पूर्ण गार होऊ द्या. गरमच रसात ओतले तर रस फुटतो. पीठ १ लिटर पातळ रसात थंडच कालवा, गाळून गुठळ्या काढा, त्यात गुळाचे पाणी आणि मीठ घाला. भांडे जाड बुडाचे हवे. पितळेची काहील असेल तर कल्हई शाबूत आहे का ते आधी बघा.

चूल जाड लाकडावर पेटवा. चुडते आणि करवंट्या भडकन पेटतात आणि बसतात, दोदोलाला ते चालत नाही. मिश्रण पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत खिरीसारखे दाट होते. या टप्प्यात कालथा एकदाही थांबता कामा नये, गुठळ्या इथेच होतात. दाट झाल्यावर पहिला दाट रस तीन-चार वेळा विभागून घालायचा, आधीचा पूर्ण मुरल्याशिवाय पुढचा नाही. निम्म्या वाटेवर काजू.

मग लाकडे मागे ओढून फक्त निखाऱ्यांवर आणा आणि दीड ते दोन तास आटवा. दोघांनी आळीपाळीने ढवळायचे, एका हाताने हे होत नाही. खूण डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते: सुरुवातीची फदफद थांबते आणि मोठे, संथ बुडबुडे फुटू लागतात. नंतर तांबूस रंग काळपट होतो, अंगावर चकाकी येते, काहिलीच्या कडेने तेलाची रेघ सुटते आणि सगळा गोळा कालथ्याबरोबर एकदम फिरतो. गार ताटलीत चमचाभर टाकून बोटाने दाबा. चिकटला नाही तर झाला. शेवटी वेलची.

तेल लावलेल्या ताटात ओतून केळीच्या पानाने वर दाबून सारखा करा. सुटलेले तेल वाटीत काढून ठेवा, दोसाच्या ताटाला लावायला कामी येते. वड्या दुसऱ्या दिवशी, तेलाचे बोट लावलेल्या सुरीने.

९. दोदोल बिघडला आहे. दुरुस्त होतो का?

दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर तो कमी आटला आहे. पुन्हा काहिलीत घाला, दोन चमचे खोबरेल घाला आणि निखाऱ्यांवर अर्धा तास आटवा, नक्की सुधारतो. गुठळ्या झाल्या तर पहिल्या अर्ध्या तासातच गरम असताना चाळणीतून घासून काढता येतात, नंतर नाही. वाळून कडक झाला तर वड्या पाच मिनिटे वाफवा आणि त्याच दिवशी संपवा.

तळाला लागला असेल तर मात्र खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलेल्या एका पापुद्र्याने सगळ्या काहिलीला जळका वास लागतो आणि त्याला उपाय नाही.

१०. दोस पांढराशुभ्र कसा होतो? आमचा पिवळट आणि रवाळ होतो.

चणाडाळीचा दोस मुळात फिकट पिवळाच असतो. फार पिवळा दिसतो तेव्हा साखर करपलेली असते. रवाळपणा येतो तो डाळ अर्धी शिजल्याने. ५०० ग्रॅम डाळ चार तास भिजवा आणि बोटाने चिरडेपर्यंत शिजवा, पण कुकरमध्ये लगदा करू नका. पाणी निथळून, दोन नारळांच्या खोबऱ्याबरोबर पाणी न घालता वाटा. ८०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे आटवा. मिश्रण भांडे सोडू लागले की वेलची घालून तूप लावलेल्या पाटावर थापा आणि कोमट असतानाच शंकरपाळ्यासारखे काप मारा. आठ-दहा दिवस टिकतो.

११. पेराद वड्या पाडण्याइतकी घट्ट होत नाही. पेरू चुकले का?

बहुधा हो. अगदी पिकलेल्या पेरूत घट्टपणा आणणारा पेक्टिन कमी असतो. निम्मे पिकलेले, निम्मे गाभुळे पेरू घ्या. लाल गराचे असतील तर रंग आपोआप येतो, वेगळा रंग नको.

१ किलो पेरूचे चार-चार भाग करून बुडतील इतक्याच पाण्यात १५-२० मिनिटे शिजवा, चाळणीतून घासून बिया काढा. सुमारे ७०० ग्रॅम गर निघतो. गराच्या पाऊणपट साखर, एका लिंबाचा रस, मोठा चमचा लोणी. ४० ते ५० मिनिटे ढवळत आटवा. कालथ्यावरून गोळा थेंब न होता एकसंध घसरला की उतरवा. लिंबू वगळू नका. चवीपुरते नाही ते, त्याशिवाय पेक्टिन धरत नाही.

दाट झाल्यावर हे मिश्रण उडते. लांब दांड्याचा कालथा घ्या, हाताला फडके गुंडाळा, मुलांना चुलीपासून लांब ठेवा. चटका बसलाच तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. नीट वाळवलेली पेराद दोन महिने टिकते.

१२. ओव्हन नाही. बाथ चुलीवर भाजता येतो का?

ओव्हन यायच्या आधीपासून बाथ चुलीवरच होतो आहे. बारीक रवा ५०० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, दीड नारळाचे भरडसर वाटलेले खोबरे, मीठ. हे फेसून एकत्र करा आणि पाच-सहा तास ठेवा, फ्रीज असेल तर रात्रभर. रवा फुगलाच पाहिजे, तो न फुगता भाजला तर बाथ कोरडा आणि ठिसूळ होतो. भाजण्याआधी ५ अंडी फेसून आणि दीड चमचा बेकिंग पावडर घाला.

जाड टोपाच्या तळाला तूप लावून केळीचे पान घाला. मोठ्या भांड्यात दोन बोटे कोरडी रेती पसरून दहा मिनिटे तापवा आणि टोप त्यात बसवा. वरच्या सपाट लोखंडी झाकणावर निखारे ठेवा. खाली एक भाग, वर दोन भाग निखारे हे प्रमाण सांभाळा. बहुतेकांचा बाथ खालून जळतो आणि वर पांढरा राहतो तो हे उलट झाल्याने. करवंट्यांचे निखारे फार प्रखर, ते वर वापरू नका. ५० ते ६० मिनिटांनी विणायची सुई मधोमध टोचा, कोरडी निघाली पाहिजे. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटे.

१३. सान्नांसाठी माडी मिळाली नाही. यीस्टने तशीच होतात का?

फुगतात तशीच, वास मात्र माडीचाच वेगळा. माडी घ्यायची तर परवानाधारक दुकानातून, सकाळची ताजी. दुपारची माडी आंबट झालेली असते, तिने सान्नां कडवट होतात.

उकडा तांदूळ ३५० ग्रॅम, साधा तांदूळ १५० ग्रॅम, सहा तास भिजवून, अर्ध्या नारळाबरोबर ३०० मिलिलिटर माडीत बारीक वाटा. दोन चमचे साखर. पीठ इडलीपेक्षा जरा दाट. तीन-चार तासांत दुप्पट होते, पण डिसेंबरच्या थंडीत चुलीच्या उबेला ठेवा. माडी नसेल तर २०० मिलिलिटर कोमट नारळपाण्यात १ चमचा साखर आणि १ चमचा सुके यीस्ट फेसाळेपर्यंत ठेवा, बाकीचे वाटण साध्या पाण्यात. मीठ अगदी शेवटी. फुगलेले पीठ ढवळू नका, वरून पळीने अलगद उचला. वाट्या निम्म्याच भरा आणि १५ ते २० मिनिटे वाफवा. मध्ये बसली तर पीठ जास्त आंबले आहे.

१४. सोरपोतेल २५ला खायचे तर २३लाच का करतात? खराब होत नाही?

दोन दिवस मुरल्यावरच ते चवीला लागते. व्हिनेगर आणि मसाला तोपर्यंत मांसात उतरत नाही. टिकण्याचे काम व्हिनेगर आणि रोजची उकळी मिळून करतात. फ्रीज असेल तर गार करून फ्रीजमध्ये, नसेल तर सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी द्यायची, आणि डाव प्रत्येक वेळी कोरडा.

१ किलो चरबीसकट डुकराचे मांस आणि २५० ग्रॅम काळीज आधी उकडून घ्या, मग बोराएवढे तुकडे करून त्यांच्याच चरबीत परता. २० बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या, जिरे १ चमचा, मिरी १ चमचा, ८ लवंगा, दोन इंच दालचिनी, अर्धा चमचा हळद, लसणाचा एक गड्डा, इंचभर आले, हे सगळे अर्धी वाटी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटा. कांदा परता, मसाला, मांस, मग उकडल्याचे पाणी. मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेले पितळ नको, व्हिनेगर धातू खातो.

१५. नाताळसाठी घरी द्राक्षांची वाइन करायची आहे. कृती द्याल का?

नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यापुरते असले तरी. त्याऐवजी आल्याचे सरबत करा: किसलेले आले २५० ग्रॅम, ६ लवंगा, १ किलो साखर, दीड लिटर पाणी, अर्धा तास उकळून गाळा. गार झाल्यावर ६ लिंबांचा रस. उकळत्या पाण्यात धुतलेल्या कोरड्या बाटलीत, फ्रीजमध्ये तीन आठवडे राहते. देताना एकाला तीन भाग पाणी. जेवणानंतर कोकमाचे आगळ घरात असतेच.

१६. शेजारी मार्गशीर्ष पाळतात. त्यांच्या ताटात काय द्यावे?

मार्गशीर्ष काही वर्षी नाताळला येऊन भिडतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. दोदोल, दोस, पेराद आणि नेवऱ्यांत अंडे नसते. कलकल अंड्याशिवाय करा (प्रश्न ७). बाथ वगळा. पण पदार्थ अंड्याविना असणे एवढ्याने भागत नाही: तळणीचे तेल नवे हवे, आणि ज्या टोपात मांस शिजते तो आटवायला घेऊ नये. अशी ताटे आधी भरून वेगळी ठेवा आणि देताना तसे सांगा. गुरुवारचा उपवास असेल तर ताट बुधवारी किंवा शुक्रवारी द्या.

दिवाळीत त्यांचा फराळ आपल्याकडे आलेला असतो. तेच ताट आपल्याकडे राहिले असेल तर त्यातच भरून द्यायचे.

१७. गोठ्यात हिरवेगार गवत कसे उगवायचे? आमचे पिवळे पडते.

नाचणी रात्रभर भिजवा, उथळ ताटात बोटभर माती किंवा काथ्याचा भुसा पसरून त्यावर दाट पेरा, ओले फडके झाका. दोन-तीन दिवसांनी मोड दिसले की फडके लगेच काढा आणि ताट उजेडात आणा. पिवळे पडते ते अंधारात जास्त दिवस राहिल्याने. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा, नाहीतर बी एका कोपऱ्यात गोळा होऊन कुजते. १०-१२ दिवसांत दोन-तीन इंच वाढते. उशीर झाला असेल तर गहू पेरा, आठ-नऊ दिवसांत काम होते, पाते मात्र जाड असते आणि छोट्या मेंढरांपुढे ते झाडासारखे दिसते.

पेंढ्याजवळ मेणबत्ती ठेवू नका. विजेच्या माळेचा जोड पेंढ्यात पुरू नका.

१८. बांबूचे नक्षत्र (चांदणीचा कंदील) घरी करायचे आहे. कामट्या किती, कागद कोणता?

७५ सेंटिमीटरच्या १० कामट्या आणि १५ सेंटिमीटरच्या ५ काड्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा, एकीवर एक ठेवून पाचही टोके सुतळीने आवळा, मग आतल्या पाच छेदांवर काड्या उभ्या अडकवून पोट फुगवा. कामट्यांची जाडी सारखी तासा, एक जरी जाड राहिली तरी चांदणी वाकडी ओढली जाते. वर पतंगाचा कागद. खळीला दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात शिजवा.

डिसेंबरचे दव या कागदाचा वैरी. उघड्यावर माडाला टांगलेले नक्षत्र दोन रात्रींत सैल पडते. पडवीच्या वळचणीखाली टांगा. आत ५ ते ९ वॅटचा एलईडी दिवा लावा. जुना तापणारा दिवा कागदाला टेकला तर पेट घेतो.

१९. मुंबईच्या चाकरमान्यांना फराळ पाठवायचा आहे. काय टिकेल?

सुक्या नेवऱ्या, कलकल, पेराद आणि नीट आटलेला दोदोल. दोस एका रात्रीच्या प्रवासाला जातो, बाथ नको. नेवऱ्या उभ्या रचा आणि मधल्या फटी कलकलांनी भरा. डबा हलवून बघा, आवाज आला तर अजून जागा आहे. दोदोल आणि पेराद बटर पेपरमध्ये गुंडाळून वेगळ्या डब्यात, कारण त्यांचा ओलावा तळणीला लागतो.

२०. फराळ मऊ पडू नये, मुंग्या आणि बुरशी लागू नये म्हणून कसे ठेवावे?

तळलेले पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, पण रात्रभर उघडे टाकून नव्हे. रात्री दव पडते आणि किनाऱ्यालगत हवा आधीच दमट. म्हणून तळणी सकाळी करा, दुपारपर्यंत गार होते, उन्हे कलण्याआधी डबे बंद. रोजच्या खाण्याचा डबा वेगळा ठेवा, मोठा डबा सारखा उघडला की सगळाच मऊ पडतो.

मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत. दोसावर किंवा बाथावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून खाऊ नका, सगळा टाका. मऊ पडलेले कलकल आणि नेवऱ्या १५० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा तापलेल्या तव्यावर मंद आचेला पाच-सहा मिनिटे ठेवल्या की पुन्हा खुसखुशीत होतात.

२१. यंदा आमच्या घरात दुखवटा आहे. फराळ करावा का?

पुष्कळ घरांत त्या वर्षी तळणी होत नाही आणि ताटेही पाठवत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक मात्र त्यांच्याकडे पाठवतात, आणि ते घ्यायचे असते. गोठा साधा मांडतात. घरात लहान मुले असतील तर थोडे कलकल करायला कोणाची हरकत नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.

२२. गोठा आणि नक्षत्र कधी उतरवायचे? नाचणीचे काय करायचे?

बहुतेक घरांत तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. नक्षत्राचा कागद काढून सांगाडा माळ्यावर टांगून ठेवा, जमिनीवर ठेवलात तर वाळवी लागते. त्याच कामट्या पुढल्या वर्षी चालतात, सुतळी मात्र नवी. पेंढा माडाच्या आळ्यात घाला, आणि नाचणी मुळांसकट उपटून, माती झटकून वासराला किंवा बकरीला द्या.